खिळ्यावरची चावी

माझा नाव गोविंद, पण मुरबाडच्या जीप स्टँडवर तुमी गोविंद विचारलात तर कोण सांगणार नाय, फळीवाला गोविंद विचारा, मंग चार जण उठतील. गाव आमचा मुरबाडपासनं आत, शहापूरला जातो त्या रस्त्याला. आमचा बाप भात लावायचा, त्याचा बाप भात लावायचा, मी पण लावतो, पण घर चालला ते गाडीवर. मुरबाडला रेल्वे नाय, आजून नाय, दर विलेक्शनला येते आणि निकाल लागला की जाते, तर माणसांनी कल्याणला जायचा कसा, यष्टीनं नायतर आमच्या जीपनं. एकोणतीस वर्स मी ती लाईन मारली, ताई, एकोणतीस वर्स, आणि एक कोंबडी नाय मारली गाडीखाली. हे पयला लिवून घ्या. पुढं लागेल.

फळीवाला कशाला म्हणतात ते सांगतो. स्टँडला भामाकाकीची चहाची टपरी होती, आता तिची सून चालवते. तर मी नवीन लागलो तवा एक जण जीप चालू ठेवून चहा प्यायला आला, दोन मिनिटांत येतो बोलला, आणि गाडी आपली उतारावरनं सरकत सरकत गेली ती सुकट विकणाऱ्या बाईच्या टोपल्यांवर. बाई वाचली, पण तिनं त्याला जवळा मोजतात तशा पायलीनं मोजून शिव्या दिल्या. त्या दिवशी मी बोललो, हे असा चालणार नाय. एक सागाची फळी आणली, तिला खिळे ठोकले, टपरीच्या कुडाला लावली. कायदा असा की गाडी लावली की चावी काढायची, फळीवर टांगायची, मंगच चहा. पयला आला त्याची चावी पयल्या खिळ्यावर, दुसऱ्याची दुसऱ्या. तोच नंबर. भांडण नाय, तंटा नाय. आणि खिळ्यावर चावी दिसली म्हंजे ती गाडी मेलेली, तिच्या खाली पोरा खेळली तरी चालतील. दुसऱ्याच्या चावीला कोणी हात लावायचा नाय. आजून हाय ती फळी, जाऊन बगा.

माझा लग्न झाला ते मथुराशी. डोळखांबकडची ती, डोंगरातली, चालायला लागली की मी मागं राहायचो. शाळेत गेली नाय, पण हिशोबाला, आठवणीला असली पक्की, की कोणाच्या बारशाला कोण आला होता, काय नेसून आला होता, ते पण सांगायची. मी कुठं काय ठेवला ते मला म्हायत नसायचा, तिला असायचा. अवो, तुमची माळ कोनाड्यात हाय, अवो, लायसन सदऱ्याच्या खिशात हाय, सदरा पाण्यात टाकायचाय. असा. आता तिला विचारा सकाळी काय जेवलीस. जाऊ दे, मी पुढं पळालो, थांबा.

एकच पोरगा आमाला, निलेश. भिवंडीला गोदामात सुपरवायझर हाय. शिकला, सरळ चालला, बिडी नाय, दारू नाय, मी तर छाती काढून फिरायचो. त्यानं गाडी घेतली गेल्या सालाच्या आदल्या सालाला. सफेद, बटणाची. कल्याणच्या शोरूमला आमी सगळी गेलो, मी, मथुरा, निलेश, सूनबाई प्रणाली. तिथला पोरगा टाय लावून, काका काका करत सगळी गाडी दाखवत होता. मी बोललो, बाबा, हिची चावी कुठं घालायची. तो हसला. बोलला, काका, घालायचीच नाय, खिशात ठेवायची, क्लच दाबा, बटण दाबा, गाडी चालू. चावी बघितली, काळा चपटा डबा, दात नायत, काय नाय. मी बोललो, आणि चालू राहिली, माणूस उतरून गेला, तर. तो बोलला, काका, गाडी हुशार हाय, चावी लांब गेली की आपोआप बंद होते, तुमी टेन्शनच घेऊ नका. असाच बोलला, ताई, ह्या कानांनी ऐकला. मी दोनदा विचारला, दोनदा बोलला. निलेश मला बोलला, आबा, पुरे ना आता. नंतर कळला की असा काय होत नाय. चावी लांब नेलीत तर ती पीं पीं करते आणि चालूच राहाते. त्या पोराला पण म्हायत नसेल, का असेल, देव जाणे, त्याला गाडी विकायची होती.

मंग गाडी घरी आली. पडवीला आमी शटर लावला, गाडी आत. पडवीच्या आणि आमच्या झोपायच्या खोलीच्या मधी एक दार, आणि ओटीच्या आणि पडवीच्या मधी नुसती विटेची भिंत. त्या भिंतीवर ओटीच्या अंगानं मी खिळा ठोकला. मी सगळ्यांना बोललो, ह्या घरात फळीचाच कायदा चालणार, गाडी लावली की चावी खिळ्यावर. सूनबाई हसली, पण ती पण टांगायची. निलेश पण. मी ओटीवर बसलो की पयली नजर खिळ्यावर, चावी हाय, म्हंजे गाडी मेलेली, मंग मी निवांत. मला काय म्हायत, की भिंतीच्या पल्याड गाडी आणि अल्याड चावी, हातभर पण अंतर नाय, आणि त्या गाडीला तेवढा जवळ पुरतो. चावी खिळ्यावर ठेवून पण ती चालू होते. एकोणतीस वर्स चावीनं माझ्याशी खोटा नाय केला, ताई. ह्या चावीनं केला.

तो दिवस सांगतो. दिवाळीच्या मागनं, भात कापून झाला होता, झोडणी आता कोण करतो, बाळारामचा मळणीचा मशीन हाय, तो शेजारच्याच खळ्यावर लावला होता. बाळाराम म्हंजे आमचा शेजारी, भावकीतलाच. त्या दिवशी आमच्या भाऱ्यांच्या उडव्या मळायला काढायच्या होत्या. सकाळी मी गाडी घेऊन मुरबाडला गेलो, रिकाम्या गोणी आणल्या, परत आलो, गाडी पडवीत लावली, बटण दाबला, बंद केली, चावी खिळ्यावर. मशीन चालू झाला आणि जो भुसा उडायला लागला, काय सांगू तुमाला, सगळी आळी पिवळी. मथुराला भुश्याचा त्रास, दम लागतो, तर मीच तिला बोललो, तू खोलीत पड गो, दार खिडक्या लावून घे. मीच बोललो. आणि नव्या गाडीवर भुसा नको म्हणून शटर पण मीच खाली ओढला. सूनबाई माहेरी खर्डीला गेली होती. निलेशला सुट्टी होती, तो घरात फोनवर.

मी खळ्यावर गेलो. दोन वाजल्यापासनं पाच वाजेपर्यंत भारे टाकत होतो, कान बंद झाले मशीननं. मधी कदीतरी निलेशला मी बघितला, त्याचा दोस्त मोटारसायकल घेऊन आला होता, तो मागं बसून गेला मुरबाडला. मी हात केला, त्यानं पण केला.

पाच वाजता मशीन थांबला, मी घरी आलो. ओटीवर बसलो. खिळ्याकडं बघितला, चावी हाय. हाक मारली, गो, चहा टाक. आवाज नाय. मला वाटला झोपली, झोपू दे, दमते बिचारी. तांब्यातला पाणी प्यायलो, पाय धुतले, पायावरचा भुसा पुसला, परत येऊन बसलो. धा मिनिटा, ताई. ती धा मिनिटा मी ह्या जल्मात काय त्या जल्मात पण विसरणार नाय. कान मशीननं भरलेले, त्यात ती गाडी मेली इतकी गप्प चालते, भिंतीपल्याडचा मला काय ऐकू यायचा. आणि चावी समोर दिसत होती ना खिळ्यावर.

मंग रिकाम्या गोणी टाकायला म्हणून मी शटर वर केला. आतनं गरम हवा आली तोंडावर. टोपलीखाली खुडूक कोंबडी बसवली होती अंड्यांवर, ती मान टाकून पडलेली. आणि गाडीच्या पाठनं बारीक थरथर. चालू होती. मी खोलीचा मधला दार उघडला, त्या दाराखाली दोन बोटा फट हाय, तिथनं सगळा आत गेला होता. मथुरा चटईवर, तोंड लाल झाला होता, जसा तापानं होतो तसा, आणि हाक मारली तर डोळा नाय.

बाळाराम धावत आला, त्याची बायको आली, आमी तिला उचलून भायेर अंगणात आणली. वारा लागला तशी हुं केला तिनं. यष्टीची वाट कोण बघतो, जीप स्टँडला, गाडी एकच, तीच. मी खिळ्यावरनं चावी काढली, चालू गाडीची चावी, हाताला सवय, गाडीत बसलो, पाय क्लचला पोचेना, लिवर ओढून सीट पुढं घेतली, सगळ्या काचा खाली केल्या, तिला मागं बाळारामच्या बायकोच्या मांडीवर घातली, आणि जिनं तिला ह्या दशेला आणली तिच्याच पाठीवर टाकून मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात नेली. तिथनं ऑक्सिजन लावून कल्याणला. अकरा दिवस. डॉक्टर बोलला, ह्या धुरातल्या विषाला वास नाय, रंग नाय, माणसाला वाटतो डोका दुखतोय, पडूया जरा, आणि पडतो तो पडतोच.

दवाखान्याच्या भायेर सगळे जमले, मेव्हणे, भावकी, सूनबाईकडची माणसा. कोणी चालू ठेवली गाडी. मी बोललो, मी. शेवटी मीच आणली ना मुरबाडवरनं, मीच लावली. बटण दाबला असा मला वाटत होता, पण आता कोण जाणे, दाबला का नुसता बोट ठेवला. मी सगळ्यांसमोर बोललो, माझ्या हातनं झाला. निलेश तिथंच खांबाला टेकून उभा होता. खाली बघत होता. मला वाटला आईसाठी रडतोय पोरगा.

मथुरा घरी आली ती चालत आली, बोलत आली, मी देवाला नारळ फोडला. आणि वीस-बावीस दिवसांनी तिचे हात कापायला लागले. मीठ दोनदा टाकायला लागली, मंग विसरायला लागली टाकायला. मंग एक दिवस मला विचारला, निलेश शाळेतनं आला काय. डॉक्टर बोलला असा होतो ह्या विषानं, कदी कदी मागनं दाखवतो. बरी होईल का, तर थोडीफार. थोडीफार पण नाय झाली.

आणि माझा काय झाला ते ऐका. गाडीची चावी माझ्याकडनं काढली. निलेश नात्यात सगळ्यांना सांगायला लागला, आबांचा वय झाला, आता त्यांच्या हातात गाडी द्यायची नाय. स्टँडवर पण बातमी गेली. ज्यांना मी गाडी शिकवली ते मला बोलले, दादा, तुमी बसा, आमी सोडतो घरी. भामाकाकीच्या सुनेनं मला चहा दिला आणि माझ्याकडं बघितला कसा, जसा कोणाच्या मयताला आलेल्याकडं बघतात. पुढं काय, तर निलेश मला कल्याणला घेऊन गेला, विसरण्याच्या डॉक्टरकडं. त्या डॉक्टरीणबाईनं मला विचारला, काका, आज वार कोणता, आपण कुठल्या जिल्ह्यात हाय, तीन वस्तूंची नावा सांगते ती लक्षात ठेवा. मंग कागद दिला, बोलली, घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून धा मिनिटा दाखवा. एकोणतीस वर्स मी टायमावर गाडी सोडली आणि मी तिथं पोरासारखा घड्याळ काढत बसलो. आणि निलेश बाजूच्या खुर्चीवर. बघत होता. मी काढला बरोबर. बाई बोलली, काकांना काय झालेला नाय.

आता हे ऐका. शिमग्याची गोष्ट. निलेशनं गाडी अंगणात लावली होती, होळीची लाकडा आणायला बैलगाडी आत यायची होती, तर बाळाराम बोलला, गोविंदा, गाडी जरा मागं घे. निलेश विहिरीवर होता, चावी खिळ्यावर होती. मी बोललो घेतो, पाच महिने हात लावला नव्हता. बसलो. पाय क्लचला पोचेना. निलेश माझ्यापेक्षा वीतभर उंच, तो सीट मागं घेतो, मी पुढं. लिवरला हात घातला, ओढला, आणि हात तिथंच राहिला, ताई. हाताला आठवला. डोक्याला नाय, हाताला. त्या दिवशी मथुराला नेताना पण मी हाच लिवर ओढला होता. पण त्या दिवशी मुरबाडवरनं गाडी आणली ती मी. सीट पुढं असायला पायजे होती. मंग मागं कोणी घेतली.

मी गाडीतनं उतरलो नाय. तसाच बसलो. बाळाराम हाका मारतोय, बैलगाडीवाला शिव्या देतोय. निलेश विहिरीवरनं आला, काचेतनं वाकला. मी बोललो, त्या दिवशी तू गाडीत बसला होतास काय. तो बोलला, आबा, कुठला दिवस, तुमाला आता कायपण आठवतो. मी बोललो, निलेश, सीट मागं होती.

त्याचा तोंड बघितला आणि मला पुढचा विचारायची गरज नव्हती. पण त्यानं सांगितला. साहेबाचा फोन आला होता, मशीनचा आवाज, भुसा, म्हणून तो पडवीत गाडीत जाऊन बसला, काचा वर, एसीसाठी बटण दाबला. चावी खिळ्यावरच, आणायला गेलाच नाय, भिंतीपल्याडनं चालू झाली. फोन झाला, तेवढ्यात दोस्तानं हाक मारली, तो उतरून गेला. चावी खिशात नव्हतीच, तर गाडीनं पीं पण केला नाय. मी बोललो, मंग दवाखान्यात बोललास का नाय. तर काय बोलला म्हायत हाय? बोलला, आबा, तुमीच सगळ्यांसमोर बोललात ना माझ्या हातनं झाला, मंग मी कसा बोलू. उद्या बोलू, उद्या बोलू करत राहून गेला.

राहून गेला. पाच महिने. त्यात मला घड्याळ काढायला लावला, ताई.

चूक झाली त्याचा मला राग नाय. खरा सांगतो. चूक माझ्या हातनं पण झाली असती, ती गाडीच तशी हाय, चालू का बंद तिचा तिलाच ठावूक. पण मी माझा बोट रात रात बघत बसायचो, ह्यानं दाबला का नाय, का दाबला नाय, आणि हा भिंतीपल्याड झोपलेला. माझ्या पोटचा. माझा मन त्या दिवशी त्याच्यावरनं उठला ते आजून बसला नाय. तो पाया पडला. मी पाय मागं घेतले. बोललो, आता सांग सगळ्यांना, मेव्हण्यांना सांग, स्टँडवर जाऊन सांग. हो बोलला. दुसरा शिमगा होऊन गेला, आजून सांगितला नाय. सूनबाईला सांगितला, तेवढाच. ती मला आता जेवायला पयला वाढते, आणि नजर देत नाय.

मी का नाय सांगत. सांगतो, थांबा, ती बगा, आली. ह्या टायमाला येतेच ती ओटीवर, दिवा लावला की. ये गो, बस. ह्या ताई आल्यात, सकाळी पण आल्या होत्या, तू चहा दिलास त्यांना. दिलास गो.

ऐकलात? रोज हेच विचारते. गाडी बंद केली काय अवो. केली गो. हात लावून बघितला काय. बघितला, थंड हाय. आता पुढचा ऐका, रोज बोलते, एक शब्द इकडचा तिकडं नाय. अवो, तुमी मनाला लावून घेऊ नका, मुद्दाम थोडाच केलात, माणूस हाय, होतो, मी नाय तुमच्यावर रागावले. ऐकलात. सगळा विसरली, पोराचा वय विसरली, माझी आई मेली ते विसरली, रोज ताटली घेऊन तिच्यासाठी भाकर ठेवायला बघते आणि मंग ताटली कोणाची ते विसरते. पण हे नाय विसरत. रोज मला माफ करते, निलेशनं केलेल्यासाठी. आणि निलेश घरात असला की आत ऐकतो, ताट खाली ठेवतो, भायेर जातो.

एकदा मी तिला सांगायला गेलो. बोललो, मथुरे, ती गाडी मी नव्हती चालू ठेवली. तिनं माझ्याकडं बघितला, घाबरली. बोलली, मंग कोणी, निलेशनं? आणि तिचा तोंड असा झाला, ताई, की मी बोललो, नाय गो, मीच, मीच. तवा कुठं तिचे हात थांबले. त्या पोराचा नाव जेवढा राहिलाय तिच्याजवळ तेवढाच राहिलाय, ते मी कसा काढू.

खिळा आजून हाय भिंतीत, मी काढला नाय, त्याच्यावर चावी टांगत नाय कोण. चावी आता पत्र्याच्या डब्यात, गोठ्यात, गाडीपासनं लांब. गाडी भायेर आंब्याखाली. तुमची गाडी हाय काय? बटणाची? मंग माझा एवढा ऐका, उतरलात की बोनटवर हात ठेवा आणि जरा थांबा, घाई कसली हाय.

लिवलात सगळा? वाचून दाखवू नका तिच्यासमोर. लिवा तसाच, निलेशचा नाव बदलू नका. तिला वाचता येत नाय. त्याला येतो. जा सुखानं, अंधार पडायच्या आत रस्त्याला लागा, देव तुमाला आणि तुमच्या माणसांना सांभाळू दे.